अकरा जाड ओळी

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. हेमाताईंच्या मांडीवर थोरल्या जावेची, शालनवहिनींची, अर्धवट तिकोनी शाल आहे आणि पापण्या खाली ओढ घेतायत. वहिनींना जाऊन पाच महिने झाले. आठवड्याभरात त्यांची मुलगी ज्योत्स्ना शाल न्यायला येणार. वीण तशी सोपी: दोन ओळी जाड लोकरीच्या, दाणेदार, दोन बारीक लोकरीच्या, जाळीच्या. पण शेवटी, दवाखान्यात, वहिनींनी सलग अकरा ओळी जाडच घातल्यात. त्या उसवायचं हेमाताईंनी ठरवलंय. लोकरीचं टोक चिमटीत धरतात आणि मान कलते.

"उसवतेस होय गं?"

वहिनी शेजारीच बसल्यात. पलंगाचा एसटी स्टँडवरचा बाक झालाय. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, कुंकू मात्र ठसठशीत.

"मग काय करू? अकरा ओळी आहेत. मोजल्यात मी."

"तू मोजणारच. माझ्या डोहाळजेवणात करंज्या मोजल्या होत्यास."

"सतरा कमी भरल्या होत्या," हेमाताई म्हणतात.

वहिनी हसतात. हसता हसता दोघी दवाखान्याच्या लांबलचक बोळातून चालतायत. फरशीच्या जागी बारीक लोकर पसरलीय, पाय घोट्यापर्यंत रुततायत. हीच ती वहिनींची खोली. दाराशी हेमाताई थबकतात.

"त्या दिवशी वीण चुकली म्हणून नर्ससमोर बोलले मी तुम्हाला. लक्ष कुठंय तुमचं, म्हणाले."

"बोललीस खरी."

"तुम्ही गप्प का बसलात मग?"

"काय सांगू? त्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती, हेमे. बारीक लोकर हाताला लागायचीच नाही. सुईवर आहे की निसटली, कळायचं नाही. जाड तेवढी कळायची. ज्योत्स्नाला पत्ता लागला असता तर तिनं सुयाच काढून घेतल्या असत्या."

वहिनी हेमाताईंची तर्जनी हातात घेतात आणि सावकाश लोकर गुंडाळू लागतात.

"घट्ट होतंय, वहिनी."

"चाळीस वर्षं तुझी वीण घट्ट. आणि आता कुरकुरतेस?"

डोळे उघडतात तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. तर्जनीला बारीक लोकरीचे तीन वेढे आहेत. हेमाताई कधीच बोटाला लोकर गुंडाळत नाहीत. वहिनी गुंडाळायच्या, आणि त्यावरून हेमाताईंनी त्यांची पुष्कळ थट्टा केलीय.

त्या वेढे सोडतात. बोटावर चर उमटलाय, टोक पांढरंफटक. त्याच टोकानं त्या बारीक लोकर चाचपून बघतात. पुन्हा बघतात. काहीच लागत नाही.

मग जाड लोकर ओढून घेतात आणि अकराव्या ओळीला जोड म्हणून बारावी घालायला लागतात, होईल तेवढ्या सैल हातानं.