दादाच्या विमानातली खुर्ची

मुदखेड सोडलं तेव्हा माझ्या अंगावर आपल्या बौद्ध रीतीची लग्नाची पांढरी साडी होती. नवरा निलंग्याला शाळामास्तर. बाबा रेल्वेत खलाशी, आमच्या क्वार्टरपासून फलाट हाकेवर. दादा मला पोचवायला खास सुट्टी काढून आला होता. तो हवाई दलात नॅव्हिगेटर, बॉम्बर विमानात पायलटला वाट सांगणारा. पंचविशीही गाठलेली नव्हती.

सम्यका, तू माझी नात. त्याचा फोटो तू रोज बघतेस, पण हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

गाडीची वाट बघताना मी सहज विचारलं, "दादा, विमान पडाय लागलं तर रे?"

"पायलटची खुर्ची त्याला घेऊन भाईर उडती. मंग छत्री उघडती."

"आन् तुझी?"

"आमच्या विमानात नॅव्हिगेटरला तसली खुर्ची न्हाई. दारातून उडी मारायची, टाईम मिळाला तर." मग हसला. "आईला सांगू नको. लई भिती ती."

निलंग्यात शेजारणी कानडी मिसळून बोलायच्या, मी नुसती मान हलवायची. त्याच हिवाळ्यात पाकिस्तानशी युद्ध लागलं. रेडिओवर बातम्या सुरू झाल्या की भाकरी थापता थापता हात थांबायचा. डोळ्यांपुढे ते विमानाचं दार यायचं. नवऱ्यालाही बोलले नाही. बोललं तर खरं होईल असं वाटायचं.

एका दुपारी एसटी स्टँडकडून बाबा चालत येताना दिसले. हातात पिशवी नव्हती. लेकीकडे ते कधी रिकाम्या हातानं येत नसत. 

"विमान माघारी आलं न्हाई," एवढंच म्हणाले.

पुढे काहीच सापडलं नाही, ना दादा, ना पायलट. हवाई दलाच्या पत्रातला 'बेपत्ता' हा शब्द आईनं घट्ट धरून ठेवला. त्या उडणाऱ्या खुर्चीचं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. "खुर्चीनं वाचला असंल माझा लेक. कुठंतरी कैदेत हाय," असं ती आल्यागेल्याला सांगायची. दाराला कडी लावू द्यायची नाही. वर्षं गेली, बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, तरी ती हलेना. "त्याला ह्योच पत्ता ठाऊक हाय," म्हणे. शेवटी दोघांना निलंग्याला आणायला मी गेले.

जाताना ठरवलं, आता खुर्चीचं खरं सांगायचं. ऐकून ती कोसळली तर? तरी तिच्यासमोर बसले.

"आई, दादाला ती खुर्ची नव्हती गं. पायलटलाच होती. त्यानं मला स्टेशनावर सांगितलं होतं."

 ती म्हणाली, "मंग त्या पायलटला तर होती न्हवं?"

"हाव."

"तरी बी त्यो घरी गेला न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या लेकराला एकट्याला टाकून गेला न्हाई म्हणायचा."

असंच झालं का, कोण सांगणार? पायलटलाही वेळ मिळाला नसेल.  दुसऱ्या दिवशी आईनं आपणहून भांडी पोत्यात भरली. निलंग्यात आल्या दिवशी दिवेलागणीला तिनं स्वतः दाराची कडी लावली, आणि इतक्या वर्षांत न रडलेलं सगळं रडली.

आणि परवा तू हवाई दलाच्या ट्रेनिंगला निघालीस. लातूर स्टेशनवर तुझी आई फोटो काढत होती, मी हसत होते. 'नको जाऊ' ओठांवर आलं ते गिळलं. तुझा चेहरा किती खुललेला होता.

लोक विचारतात, आजी, तुमचं गाव कोणतं? आधी मुदखेड सांगायची, मग निलंगा, आता लेकीकडे लातूर. खरं सांगू का, ज्या घरात बसून कुणासाठी तरी जीव खालीवर होतो, तेच माझं घर. सध्या ते इथं आहे. पोचलीस का गं?