उंबऱ्याबाहेरचं फिनेल

मुलगी रांगायला लागली तेव्हा आम्ही नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आठवडाभरात तिने घरभरची लादी गुडघ्यांनी मोजली आणि बरीचशी चाटूनही पाहिली. गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी विचारलं, "लादी कशाने पुसता?" मी अभिमानाने सांगितलं, फिनेलने, आणि तेही चांगलं दोन झाकणं टाकून. ते म्हणाले, बंद करा.

मला एवढं निमित्त पुरलं. पेपरच्या पुरवणीतलं घरगुती साफसफाईचं कात्रण फ्रिजला चिकटवलं आणि पदर खोचला. रिठे उकळले, लिंबाच्या साली व्हिनेगरमध्ये मुरत घातल्या, बेसिनला खायचा सोडा, तांब्याच्या भांड्यांना चिंच. आमच्या गॅसवर माणसांपेक्षा लादीसाठीच जास्त शिजायला लागलं. नवरा ऑफिसातून आला की पातेल्यावरचं झाकण उचलून विचारायचा, "हे आपलं की फरशीचं?" एकदा विचारायला विसरला आणि रिठ्याच्या पाण्याचा घोट घेऊन बसला. पण मुलीचे चट्टे गेले, त्यामुळे मला कोण बोलणार?

सासूबाई बोलल्या. आमच्या इमारतीत फिनेलचा वास म्हणजे कामवाल्या बाईची हजेरी. वास जिन्यापर्यंत आला तर बाई आली, नाही आला तर तिने दांडी मारली किंवा नुसता फडका फिरवला. सासूबाई सकाळी देवळातून परतल्या की दारातच थांबून नाक वर करायच्या. "आज लादीला हात लागलेला दिसत नाही." आता रिठ्याला कसला आलाय वास! चार वर्षं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तोवर पलंगाखालचा कोपराही पुसून मोकळ्या झालेल्या असायच्या. मी मात्र सासूबाईंना रिठ्याचे गुण समजावत बसायचे. कात्रण पाठच झालं होतं म्हणा ना.

पंधरा दिवसांनी सासूबाईंनी जाहीर केलं, "एक तारखेपासून दुसरी बाई बघते. ही अलीकडे फार अंगचोर झालीय." हे त्यांनी दारात उभं राहून शेजारणीला सांगितलं. त्या शेजारणीकडेही मावशीच कामाला होत्या, आणि तीही विचारात पडली. मावशी आत फडका पिळत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. मी मुलीला भरवायला निघून गेले.

दोनच दिवसांनी घरात फिनेलचा वास आला. माझं डोकं सटकलं. धावत दारात गेले तर मावशी उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसून एका छोट्या बाटलीतलं फिनेल चिंधीने लादीला चोळत होत्या.

"मावशी! मुलीचे गुडघे बघितलेत ना तुम्ही?"

"आत थेंब नाय टाकला, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "आत तुमचा रिठाच हाय. ही बाटली माझ्या घरची. आजी हितनं येतात ना, त्यांना वास पायजे. काम गेलं तर आमी काय करायचं?"

तेवढ्यात सासूबाई जिना चढून आल्या. मावशींनी बाटली पदराखाली घेतली. सासूबाईंनी नाक वर केलं आणि खुलल्या. "बघ, आज कशी लख्ख पुसलीय! मनावर घेतलं की जमतं हिला."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो आई, मावशी छान पुसतात."

सासूबाई समाधानाने आत गेल्या. दुसऱ्या बाईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मावशींनीही बादली उचलली आणि शेजारच्या दारात गेल्या. मी तिथेच उभी राहिले. पंधरा दिवस मी रोज त्यांना गुडघे टेकून लादी पुसताना बघत होते, आणि हे एवढं वाक्य बोलायला मीही वास येईपर्यंत थांबले होते.