एमिलचा पांढरा पट्टा

एमिल ह्रुस्का स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता, पण पांढऱ्या रंगाचा पट्टा मारल्याशिवाय त्यानं जन्मात एक तार ओढली नाही. टेक्सासात, वेकोच्या वरच्या हमरस्त्यावर आम्ही चारशे-चारशे फुटांचे सलग काँक्रीटचे पाट ओतत होतो. आत पोलादी तारा. काँक्रीट धरलं की त्या टोकाला जॅक लावून ताणायच्या, म्हणजे पाट आतून आवळला जातो, भेगाळत नाही. जॅक एमिलचा, पंप माझा. तारेवरचा पट्टा किती सरकला ते मोजायचं, मग तार खरंच ताणली की नाही ते कळतं.

शेवटच्या पाटाला पंपाच्या काट्यानं पूर्ण ताण दाखवला. एमिलनं टेप लावली. पट्टा फूटभर कमी सरकलेला!

"मध्येच अडकलीय. पलीकडचा अर्धा पाट सैल आहे."

मुकादम ड्वेन उखडला. "काटा बरोबर आहे ना? तुझेच डोळे गेलेत, म्हाताऱ्या! काप शेपट्या. उद्या रस्ता उघडायचाय."

शेपट्या म्हणजे बाहेर उरलेली तारांची टोकं. ती कापली की पुन्हा ओढायला धरायचं काय, कपाळ? एमिलनं कटर उचलला, आपल्या पिकअपमध्ये टाकला, कुलूप लावून किल्ली खिशात घातली आणि सावलीत बसून खसखशीचा कोलाचे, त्याच्या चेक लोकांचा गोड पाव, खाऊ लागला.

"घरी बसवीन तुला!"

"बसव की. आधी पलीकडून ओढू दे."

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, म्हातारा चळला. ऑगस्टच्या उन्हात तो धटिंगण जॅक चारशे फूट ओढत नेताना मी त्याला मनात लाखोली वाहिली. पंप सुरू केला. या टोकाच्या तारेवरचा पट्टा सरकला, सरकतच राहिला. फूटभर, वर बोटभर.

ड्वेननं टोपी काढून घाम पुसला. "किल्ली दे, बाबा."

एमिलनं किल्ली दिली, वर उरलेला कोलाचेही दिला. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

परवा त्याला शेवटचं नेलं ते त्याच रस्त्यानं. मी त्याच्या बायकोला, अल्बिनाला, माझ्या गाडीत घेतलं होतं. जुन्या रस्त्यावर दर सांध्याला चाकाखाली धप, धप, धप. मग आमचा पाट लागला आणि एकदम आवाज थांबला. एकतीस वर्षांनंतरही पाटाला एक भेग नव्हती.

अल्बिनानं माझ्या हातावर हात ठेवला.

"लोरीन, जरा हळू चालव गं," ती म्हणाली. "हा आमचा आहे."