चित्रहोडी किनाऱ्याला, आणि मी जाळ्याखाली

हसायचं नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. बरं, हसा, पण जरा हळू. आत बायको आहे, आणि तिला ही गोष्ट पहिल्यापासून सांगायची भयंकर हौस आहे. तिच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका, निदान चार आणे तरी अब्रू शिल्लक राहील.

माझी चित्रहोडी तुम्हाला ठाऊक असेलच. नाही? अहो, इंटरनेटवरचं दुकान हो! इथे मालवणात बसून चालवत होतो. टॅबवर, कॉम्प्युटरवर चित्रं काढणारी माणसं असतात ना, ज्यांना घरचे 'दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बसतो' म्हणतात, त्यांची चित्रं तिथे विकायला ठेवायची. कुणाची गणपतीच्या मागची सजावट, कुणाची लग्नपत्रिका, कुणाची मोबाईलवर पाठवायची गमतीची चित्रं. गिऱ्हाईक पुण्याचं, चित्रकार वैभववाडीचा, आणि मध्ये मी, लुंगी लावून पडवीत. दुकानदार मी, हमाल मी आणि तक्रारी ऐकून घेणाराही मीच. अशी त्रेसष्ट माणसं होती होडीत.

पण हळूहळू गिऱ्हाईक आटलं. सांगाल ते चित्र क्षणात काढून देणारी यंत्रं आली. लोक म्हणू लागले, फुकट मिळतंय तर विकत कशाला? माझेही डोळे दिवसभर स्क्रीनकडे बघून लाल व्हायला लागले. शेवटी ठरवलं, होडी बुडण्याआधी आपणच किनाऱ्याला ओढावी.

ठरवणं सोपं हो, सांगायचं कसं? होडीतली एक चित्रकार, सावंतवाडीची तृप्ती. तिच्या वडिलांना लेकीची काळजी, तर त्यांच्यासमोर मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, "काका, चेडवाची काय काळजी करू नकात. मी आसंय ना!" आणि मिठबावचे परब गुरुजी! शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. सत्तरीत टॅबवर बोट फिरवायला शिकले, ते केवळ माझ्या भरवशावर. आता ह्यांना कुठल्या तोंडानं सांगू? दुकान गेलं तर गेलं, पण ही माणसं माझ्यावर रुसली तर मला ते सोसणार नव्हतं. खरं सांगतो, भीती फक्त तेवढीच होती.

चार दिवस बसून पत्र लिहिलं. सुनंदेला वाचायला दिलं. माझी बायको मोजकं बोलते, पण लागेल असं बोलते.

"ह्यां पत्र आसा काय पोलिसांपुढचो कबुलीजबाब? 'मी अपराधी' तीनदा लिवलात!"

मी एक 'अपराधी' खोडला आणि सोमवारी सकाळी त्रेसष्ट जणांना एकदम पत्र धाडून दिलं. चित्रहोडी बंद होते आहे, आपापली चित्रं महिनाभरात उतरवून घ्यावीत, माझं चुकलंमाकलं पोटात घालावं, आणि मनात काय असेल ते मोकळेपणानं लिहावं.

आणि उत्तराची वाट बघत बसलो.

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी नाही. त्रेसष्टातल्या एकाचंही नाही! म्हटलं, इंटरनेट बंद आहे की काय? म्हणून बुधवारी मीच मला एक पत्र पाठवलं. 'दिगंबर, कसा आहेस?' तर ते चहा निवायच्या आत आलं! म्हणजे टपाल चालू, माणसंच बंद.

त्यानंतर फोन वाजायला लागला. एक गुरुजींचा, दोन तृप्तीचे. आता तुम्हीच सांगा, जो माणूस पत्राला उत्तर देत नाही आणि थेट फोन करतो, तो काय ओवाळायला करतो? लिहिता येत नाही असलं काहीतरी बोलायचं असणार! मी फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात पुरला.

शुक्रवारी बाजारात गेलो बांगडे घ्यायला. ताजे, डोळे चमकणारे बांगडे, पाटीतून निवडून बाजूला काढलेले. तेवढ्यात मागून हाक आली.

"दिगूदादा! ओ दिगूदादा!"

वळून बघतो तर तृप्ती! सावंतवाडीची मुलगी मालवणच्या बाजारात! तिची मावशी इथेच राहते हे मला तेव्हा कुठलं आठवायला? ती हात वर करून माझ्याकडेच येत होती. मला वाटलं, आता चार बायकांदेखत हिशेब होणार आपला. मी बांगडे टाकले आणि पळालो.

"ओ, बांगडे कोण नेतलो?" मासेवाली मागून ओरडली.

मी समोरच्या रिक्षात उडी घेतली.

"खंय जावचा?" रिक्षावाला.

"खंयपण! पण आत्ता!"

त्या भल्या माणसानं मला एसटी स्टँडवर नेऊन सोडलं. त्याला वाटलं असेल, हा गाव सोडून चाललाय. तिथून मागच्या वाटेनं हात हलवीत घरी आलो.

"बांगडे खंय?" सुनंदेनं विचारलं.

"बाजारात नव्हते."

"शुक्रवारी मालवणात बांगडे नाय? समुद्रपण बंद केलात काय तुमी, दुकानासारखो?"

डाळीवर जेवलो.

रविवार उजाडला. अकराच्या सुमाराला घरासमोर एक मोठी गाडी थांबली. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. पुढे परब गुरुजी, पांढरा सदरा घातलेले. त्यांच्या मागे तृप्ती. तिच्या मागे आणखी वीसेक जण, कुणी कणकवलीचा, कुणी वेंगुर्ल्याचा, सगळे माझ्या होडीतले. आणि दोघांच्या खांद्यावर दोन बांबू, त्यांना गुंडाळलेलं लांबलचक कापड!

मोर्चा! फलक घेऊन मोर्चा काढला होता ह्यांनी माझ्यावर! मालवणात आजवर मच्छीमारांचे मोर्चे निघाले, दुकानदारांचे निघाले, पण चित्रकारांचा मोर्चा निघाला तो माझ्या अंगणात.

"सुनंदा, सांग मी गोव्याक गेलंय!"

"गोव्याक? चपला दारात आसत तुमच्या."

"काय पण सांग!" म्हणत मी मागच्या दारानं सटकलो.

आमच्या अंगणाला लागून हसनभाईंची जाळी ठेवायची खोप आहे, झावळ्यांच्या भिंतीची. हसनभाईंच्या घरी तीन पिढ्या मासेमारी. ते तिथे बसून जाळं शिवत होते.

"हसनभाई, माका लपवा!"

"कोणाक मारलस काय रे?"

"नाय हो. दुकान बंद केलंय."

"अरे खुळ्या, दुकान बंद केल्यार कोण लपता? माजो बर्फाचो धंदो बंद झालो तेव्हा मी मोहल्ल्याक बिर्याणी घातलेली!"

पण माझं तोंड बघून त्यांना दया आली. त्यांनी जाळ्याच्या ढिगाचं एक टोक उचललं, मी आत शिरलो, त्यांनी वरून ढीग सारखा केला. गेल्या हंगामातली एक सुंगटी, म्हणजे कोळंबी, त्या जाळ्यात राहून गेली होती, ती नेमकी माझ्या नाकापाशी आली. हलायची सोय नव्हती. झावळ्यांच्या फटीतून अंगण तेवढं दिसत होतं.

"ते गोव्याक गेले," सुनंदा सांगत होती.

"पण दादांच्या चपला तर हय आसत," तृप्ती म्हणाली. ही मुलगी चित्रं काढते ना, नजर बारीक!

"अनवाणी गेले. नवस आसा."

काय बायको आहे बघा! मला शाबासकी द्यावीशी वाटली, पण हात जाळ्यात अडकला होता.

हसनभाई खाली वाकून कुजबुजले, "दिगू, ही माणसां भांडूक इल्यासारखी दिसनत नाय. एकाच्या हातात खिरीचो टोप आसा."

"तो डाव आहे हो!"

"टोपाचो कसलो डाव?"

तेवढ्यात त्या दोघांनी बांबूंवरचं कापड उलगडलं आणि दोन माडांच्या मध्ये बांधलं. मी डोळे मिटून घेतले. 'दिगंबर मुर्दाबाद' वाचायची माझी तयारी नव्हती. मग एक डोळा किलकिला केला.

त्यावर एक होडी होती. होडीत त्रेसष्ट चेहरे, ज्यानं त्यानं आपला काढलेला, जो तो आपापल्या रंगात. आणि मागे वल्हं धरून बसलेला मी. नाकाविषयी त्यांच्यात एकमत झालेलं दिसत नव्हतं. पोट मात्र सगळ्यांनी मिळून काढलं असावं.

"बरां, दिगू नाय तर नाय," गुरुजी म्हणाले. "आमी इलो ते तेचे उपकार मानूक. देवापुढे गाऱ्हाणां घालूया. देव तेका गोव्यात पोचवतलो."

आता गाऱ्हाणं म्हणजे काय, हे घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना आणि संपवताना एक जाणता माणूस देवाला सगळं मोठ्यानं सांगतो, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाळण्यात असल्यापासून आम्ही हे ऐकत आलेलो असतो. गुरुजींनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां चार गावांसून हयसर जमली आसत, तेंचां गाऱ्हाणां ऐक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेंका घरात खुळे म्हणत, तेंका ह्या दिगून चित्रकार म्हटल्यान. तेंच्या चित्रांक वाट दाखवल्यान. तेची बरकत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची होडी बुडाक नाय, किनाऱ्याक लागली. तेका वायट वाटाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जाळ्याखाली माझे डोळे भरून आले. सुंगटीचा वास नव्हे हो, खरंच भरून आले! सहा दिवस मी ज्यांना घाबरून पळत होतो, ती माणसं उन्हात उभी राहून माझ्यासाठी देवाकडे मागत होती. मला माझीच लाज वाटली.

आणि मग गुरुजींचा आवाज कापरा झाला.

"देवा म्हाराजा, आमी पत्रां धाडली, फोन केलो. तेच्याकडसून उत्तर येवक नाय. आमचां काय चुकला आसात, तो आमच्यार रागावलो आसात, तर तेचो राग काढून टाक रे म्हाराजा!"

ह्या वाक्याला अंगणात कुणाचा आवाजच फुटला नाही. तृप्ती तोंडाला ओढणी लावून उभी. आणि त्या शांततेत, जाळ्याच्या ढिगाखालून, बेंबीच्या देठापासून, एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

मी काय करू हो? गाऱ्हाणं अर्धवट लोंबकळत राहिलेलं कुठल्या मालवण्याला बघवेल? तोंडातून निघून गेलं!

वीस माना खोपीकडे वळल्या. हसनभाईंनी हातातली सुई शांतपणे खाली ठेवली आणि म्हणाले, "गोव्यासून आवाज इलो."

मी उठलो. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. जाळं सदऱ्याच्या बटणात आणि पायाच्या अंगठ्यात अडकलेलं, त्यामुळे मी आलो तो अर्धं जाळं अंगणात ओढत आलो.

"दादा, तुमी आमच्यार रागावलात?" तृप्तीनं विचारलं.

"मी? तुमी रागावलात! त्रेसष्ट जणांतल्या एकानंही उत्तर दिलं नाही मला!"

"आमी सगळ्यांनी दिली, दादा! पहिल्याच दिवशी!"

कॉम्प्युटर बाहेर आणला. तृप्तीनं माझं पत्र उघडलं, शेवटपर्यंत वाचलं आणि ओठ चावत कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. मी ते पत्र ज्या पत्त्यावरून धाडलं होतं, तो पत्ता गिऱ्हाइकांना 'आपली खरेदी पोचली' एवढंच कळवायचा होता. तिथून गेलेल्या प्रत्येक पत्राखाली आपोआप एक ओळ उमटायची, काही वर्षांपूर्वी मीच माझ्या हातानं लिहिलेली: 'कृपया ह्या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. इथे कोणीही वाचत नाही.'

म्हणजे वर लिहिलेलं, मनात असेल ते मोकळेपणानं लिहा. आणि खाली, पण वाचणार कोण?

तरीही त्यांनी लिहिलं होतं! ती न वाचायची पेटी तृप्तीनं उघडली, तर आत पत्रांची रास. गुरुजींचं सोमवारी सकाळचंच: 'रविवारी सगळे भेटायला येतो. जेवण आम्ही आणतो. हरकत असल्यास कळवावे.' माझी हरकत आली नाही, म्हणून ते आले. आणि एक पत्र तृप्तीच्या वडिलांचं. त्यांनी ते लेकीकडून लिहवून घेतलं होतं, एकच ओळ: 'तुम्ही होतात, आम्हाला तेवढं पुरलं.'

ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना, अक्षरं दिसेनात. माणसाला आयुष्यात अशी एक ओळ मिळाली की आणखी काही मागू नये. दुकान बंद झालं त्या आठवड्यात मी जेवढा श्रीमंत झालो, तेवढा ते चालू असताना कधी नव्हतो.

"जेवक वाढू?" सुनंदा म्हणाली.

"थांब गो," गुरुजी म्हणाले. "गाऱ्हाणां अर्धां रवला. अर्धां ठेवन जेवूक बसाचा नाय."

पुन्हा सगळे उभे राहिले. हसनभाईही कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी मध्ये, खांद्यावर जाळं तसंच. गुरुजींनी नारळ उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज चढवला.

"आणि बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या दिगूक, दुसऱ्यांका पत्र धाडूच्या आधी स्वताचां पत्र खालपर्यंत वाचूची अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज पार बंदरापर्यंत गेला असेल. सगळ्यात मोठा सुनंदेचा. हसनभाईंनी तर दोनदा म्हटलं.

आणि मी? मलाही म्हणावंच लागलं हो! देवासमोर 'नाय म्हाराजा' कसं म्हणणार?