जगनकाकांची टिचकी

गव्हाणच्या जगन घरत यांनी तीस वर्षं विमान चालवलं, तेही काट्यांच्या तबकड्या बघून. जुन्या विमानात उंचीचा काटा अधूनमधून अडकायचा. मग काचेवर एक टिचकी मारायची, काटा सुटायचा. ही टिचकी हातात इतकी मुरली होती, की घरी वजनकाट्यावरही ते टिचकी मारत आणि बायको भामा कपाळाला हात लावी.

मग कंपनीने नवी विमानं घेतली. काटे गेले, पडदे आले, आणि पडदेही असे की बोट लागलं की आकडा बदललाच. पनवेलच्या प्रशिक्षण केंद्रात खोट्या कॉकपिटमध्ये जगनकाकांना बसवलं. शिकवायला कामोठ्याची समीक्षा, त्यांच्या मुलीच्या वयाची. पास झाले तर आणखी काही वर्षं आकाश, नाहीतर घर. विमानाशिवाय त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

परीक्षेत सगळं झकास चाललं होतं. धावपट्टी समोर दिसू लागली आणि काकांच्या बोटाने काचेवर टिचकी मारली. आकडा बदलला, विमानाने नाक खाली घातलं. समीक्षाला थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. पडदा लाल झाला. मागे बसलेली शिकाऊ पोरं खो-खो हसली.

"आगो, हात आपोआप जातो," काका म्हणाले. "मी मुद्दाम नाय केला."

"प्रवासीही आपोआपच मेले असते, काका."

नापास! कंपनी मात्र भलतीच दयाळू. काढून टाकलं नाही. दर तुकडीपुढे हीच चूक करून दाखवायची नोकरी दिली. त्यापेक्षा हाकललं असतं तर बरं. पण कॉकपिट खोटं असलं तरी खुर्ची कॅप्टनची होती, म्हणून काकांनी लाज गिळून हो म्हटलं. भामाला सांगितलं, शिकवायला जातो.

ते टिचकी मारत राहिले, विमान पाडत राहिले, पोरं हसत राहिली. आणि रोज त्या पडद्यांसमोर बसून बसून एक भलतंच झालं. काकांना नवं कॉकपिट येऊ लागलं. बोटाची खोड गेली. टिचकी आता आठवून मारावी लागे.

एका सकाळी ते ती मारायचीच विसरले. आकडे वाचत त्यांनी विमान अलगद उतरवलं. इतकं अलगद, की मागची पोरं गप्प झाली. काकांचे डोळे भरून आले.

"बगितलंस का गो? जमला मना! आता परत परीक्षा घे माजी."

समीक्षाने घड्याळाकडे पाहिलं. "काका, तुमच्या जागी माणूस कधीच घेतला. आणि हे बघून पोरं काय शिकणार?" तिने विमान पुन्हा आकाशात नेऊन ठेवलं. "चला, टिचकी मारा."

काकांनी मारली. विमान पडलं. पोरं हसली.