बर्फाच्या गावात सडा

स्वतःचं हसं करून घ्यायला मी आज तयार आहे, फक्त हसताना चहा सांडू नका. अहो, अंगणात सडा तर आपल्याकडे सगळेच टाकतात. पण डिसेंबरात हिमाचलात जाऊन, जिथे नाकातलंसुद्धा गोठतं, तिथे सडा टाकणारी बाई जळगावच्या पिंप्राळ्यातून एकच निघाली. ती ही तुमच्यासमोर बसलीय.

माझी मुलगी प्राची पुण्याला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगरात पळते. मागच्या वर्षी म्हणाली, गोठलेल्या धबधब्यावर चढायला शिकायला जातेय. म्हणजे धबधबा गोठतो आणि माणसं दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेऊन, बुटांना लोखंडी काटे बांधून त्याच्यावर चढतात! हे ऐकून कोणती आई जळगावात स्वस्थ बसेल? मी म्हटलं, मीही येणार. तिथे जाऊन मी धबधबा काय धरून ठेवणार होते, ते मात्र विचारू नका.

एका छोट्या गावात, एका घरी उतरलो. घरमालकीणबाई माझ्याहून मोठ्या, त्यांना मी पहिल्याच दिवशी अक्का करून टाकलं. शिकवणारे दोरजेभाऊ मोठे शांत गृहस्थ. रोज पहाटे धबधब्याशी जायचे, कुऱ्हाडीने ठोकून बघायचे आणि येऊन सांगायचे की अजून कच्चा आहे, आवाज पोकळ येतोय, मागून पाणी वाहतंय. थंडीची नुकती सुरुवात होती ना! स्की घेऊन आलेली दिल्लीची चार मंडळीही हात चोळत बसली होती, कारण वरच्या उतारांवर बर्फ इतका पातळ की खालचे धोंडे डोकावत होते.

पाचव्या संध्याकाळी दोरजेभाऊ म्हणाले, उद्या जमेल. पण सहाला निघायचं, आणि धबधब्यावर ऊन यायच्या आत चढून उतरायचं. परवा आमची परतीची गाडी, म्हणजे हीच एक संधी. उद्या प्राची वरपर्यंत पोचली, तरच ते तिला फेब्रुवारीतल्या मोठ्या चढाईत घेणार होते. पोरगी त्या दिवशी धड जेवलीसुद्धा नाही.

मी पहाटे पाचलाच उठले. पाच दिवस अक्कांनी मला इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती, हात नुसते शिवशिवत होते. बाहेर डोकावले तर अंगणात राख, गवताच्या काड्या, शेणाचे पो. पोरगी एवढ्या मोठ्या कामाला निघणार आणि अंगण असं पारोसं? चुलीशेजारी दोन बादल्या पाणी होतं, तेही छान कोमट. मी झाडून काढलं आणि दारापासून फाटकापर्यंत मस्त सडा टाकला. वर तांदळाच्या पिठीची रांगोळीही काढली.

बर्फाच्या गावात पाण्याचा बर्फ होतो, एवढं कळू नये का मला? पण डोकं जळगावचं! आपल्याकडे सडा पडतो न पडतो तोच वाळतो. अंगण चकाकायला लागलं तेव्हा मला वाटलं, वा, काय सुरेख बसलाय सडा.

सहाला दोरजेभाऊ फाटकातून आत आले. म्हणजे पहिलं पाऊल त्यांनी टाकलं, बाकीचं अंतर आपोआप झालं. पाठीवर दोराचं भेंडोळं, पाय वर, आणि माझ्या रांगोळीवरून सरळ गोठ्याच्या भिंतीपर्यंत. आवाज ऐकून अक्का धावत बाहेर आल्या, त्या बसल्या बसल्याच त्यांच्या मागोमाग गेल्या.

दोरजेभाऊ हलेनात. पोरीला डोंगरात काही होऊ नये म्हणून एवढ्या लांब आले, आणि तिच्या गुरूलाच अंगणात आडवं केलं! दारातूनच म्हटलं, "भाऊ, कुछ तो बोलो."

ते आकाशाकडे बघतच म्हणाले, "आंटीजी, ये पानी किसने डाला?"

"मैंने डाला, भाऊ. शुभ होता है."

यावर ते पडल्या पडल्या असे हसायला लागले, की अक्काही हसू लागल्या. दोघांनाही साधं खरचटलं नव्हतं, जाडजूड कपड्यांची कृपा. मी मात्र दाराला टेकून रडले, खरं सांगते.

पण वेळ चालला होता. प्राचीने बुटांना काटे बांधले आणि आईच्या सड्यावरून खचाखच चालत जाऊन दोघांना उठवलं. मग माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. त्या बघण्याबद्दल मी काही सांगणार नाही. ती दोघं अर्धा तास उशिराने, बिनचहाचीच निघाली, कारण चहाचं पाणी अंगणात होतं.

मग मी फावड्याने बर्फ फोडतेय, अक्का राख पसरताहेत, आणि माझं सगळं लक्ष समोरच्या डोंगरावर. ऊन हळूहळू खाली उतरत होतं. पोचलं धबधब्याशी, तर पोरीला अर्ध्यातून परतावं लागणार, आणि तेही माझ्या सड्यापायी. आणि ती हट्टाने परतली नाही तर? पुढचा विचार मी मनातही केला नाही.

साडेदहाला फाटकाबाहेर दोघं दिसली. प्राचीने लांबूनच दोन्ही हात वर केले. पोचली होती! वरपर्यंत जाऊन, ऊन यायच्या आत खालीही उतरली होती. इतका वेळ छातीवर बसलेला दगड असा काही उतरला, की मी तिला मिठी मारायला सपाता घालून धावत सुटले.

फाटकाजवळचा तुकडा फोडायचा राहिला होता. हे सगळ्या गावात मला एकटीलाच माहीत होतं.

मी थांबले ती थेट प्राचीच्या बुटांशी.

हाड शाबूत राहिलं, पण पिंप्राळ्यात रिक्षातून उतरले ती कमरेला हात लावून. शेजारच्या म्हाताऱ्या नानींनी सगळं ऐकायला लगेच गाठलं. "बरफवर पडनी म्हने तू? कितलं उंच व्हतं वं? बठ्ठं सांग माले."

म्हटलं, "नानी, उंची नका विचारू. लांबी विचारा."