भिंतीकडे तोंड केलेली चित्रे

अनसूया गड्डम बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोऱ्या. आमचे घर सांगोल्याकडच्या खेड्यातून नुकतेच सोलापुरात आले होते. वडिलांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम मिळाले होते, आणि मला आठवीच्या मध्यावर शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत घातले होते. चित्रकलेच्या खोलीच्या दारातून मी विचारले, "आत येऊ का बाई?" बाई भिंतीकडे बघत उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत. "ये. हितं माझ्या शेजारी उभा ऱ्हा. आता सांग, तुझी नजर कुठं अडकते?"

भिंतीवर अजिंठ्याच्या एका भित्तिचित्राचे छापील पान चिकटवलेले होते. हातात कमळ धरलेली एक आकृती, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणालो, "बोटात." वर्ग हसला. "बोटात काय?" बाईंनी विचारले. "लई लांब हायती बाई. पर खोटी वाटत न्हाईत." तेव्हा त्या वळल्या, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "बस." त्या शाळेत मी काही बरोबर बोललो असे कुणाला वाटल्याची ती पहिलीच वेळ होती.

आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवासाठी समिती स्थापन झाली आहे आणि समितीने हा गौरवग्रंथ काढला आहे. संपादकांनी मला दोन सूचना केल्या होत्या: लेख आटोपशीर असावा आणि सूर प्रसन्न असावा. पहिली पाळायचा प्रयत्न करतो.

ज्यांना बाईंच्या वर्गात बसायला मिळाले नाही त्यांच्यासाठी त्यांची पद्धत सांगायला हवी. बाई आम्हाला जुनी, मोठी चित्रे आणि शिल्पे दाखवत. कधी अजिंठ्याचे पान, तर कधी मंद्रूपकडच्या एका गावाच्या वेशीवरचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. नक्कल करायची नाही. त्यातले जे भिडले ते घेऊन आपले चित्र काढायचे. मी कमळाच्या जागी आईच्या बोटांत सुताची कांडी दिली होती. चित्रे झाली की शनिवारी सगळी भिंतीवर लागत आणि ज्याने त्याने आपापल्या चित्रासमोर उभे राहून बोलायचे. 'छान' आणि 'वाईट' हे दोन शब्द वर्गात बंद होते. आपली नजर आपल्याच चित्रात कुठे सुखाने फिरते आणि कुठे अडकते, एवढेच सांगायचे. सांगून झाल्यावर चित्र अजून झाले नाही असे ज्याला वाटेल त्याने ते स्वतःच्या हाताने उलटे करून, भिंतीकडे तोंड करून लावायचे. पुन्हा काम करायचे आणि पटले की सुलटे करायचे. बाईंनी स्वतःच्या मनाने कुणाचे चित्र कधी उलटे केले नाही आणि कुणाचे सुलटेही केले नाही. घाईत मराठी सुचली नाही की घरची तेलुगू तोंडात येई: "चूडु, चूडु!" बघ, बघ. आम्ही त्यांच्यामागे त्यांना चूडूबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होते.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर कागदाबद्दल लिहावे लागेल. वर्गात डॉक्टरांचा मुलगा होता आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलीही होत्या. चित्रकलेचा चांगला कागद सगळ्यांना परवडणारा नव्हता. दुसरी कुणी बाई असती तर गरिबांना कागद वाटून मोकळी झाली असती. गड्डम बाईंनी भावाच्या कारखान्यातून टॉवेलच्या गठ्ठ्यांना गुंडाळायचा तपकिरी कागद आणला आणि अख्ख्या वर्गाला त्यावरच चित्र काढायला लावले, डॉक्टरांच्या मुलालासुद्धा. त्याच्या आईने येऊन विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अजिंठ्यात तरी पांढरा कागद कुठं होता ताई?" कागद कुणाला मिळाला आणि कुणी आणला हे वर्गात कधी दिसले नाही. मला मात्र आज दिसते.

आता स्पर्धेच्या ढालीकडे येतो. ढालीला वगळून बाईंचा गौरव करणे मला जमणार नाही.

आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेतून एक चित्र पाठवायचे होते. सगळ्यांच्या मते महानंदाचे चित्र सर्वांत देखणे होते. महानंदा अक्कलकोटकडची, कमी बोलणारी. तिने वीरगळावरचा घोडेस्वार घेऊन त्याला आपल्या चुलत्याच्या मोटारसायकलवर बसवले होते आणि मागे तोच दगडी घोडा उभा केला होता. मुख्याध्यापक ते चित्र न्यायला आले, तर ते भिंतीकडे तोंड करून लावलेले. त्यांनी ते सुलटे केले आणि खूश झाले. बाईंनी शांतपणे परत उलटे केले. मी समोर होतो.

"अहो बाई, ढाल आपल्याकडं येणार हाय याच्यावर!"

"सर, जिचं हाय तिनं ठरवलंय. तिला इचारा की."

मुख्याध्यापकांनी महानंदाला विचारले. ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत म्हणाली, "घोडा उभा न्हाई सर. लटकलाय. पाय जमिनीला लागत न्हाईत."

चित्र गेले नाही. ढाल दुसऱ्या शाळेने नेली. पुढच्या वर्षी वेळापत्रकातून शनिवारचा तास निघाला. कारण असे सांगण्यात आले की आपल्याच चित्रातली चूक काढायला लावल्याने मुलांचा आत्मविश्वास खचतो. महानंदाने तो घोडा नंतर जमिनीवर आणला आणि चित्र सुलटे केले, हे पाहायला कुणी आले नाही. मग चित्रकलेच्या खोलीत संगणक आले. बाई निवृत्त होईपर्यंत जिन्याखालच्या जागेत शिकवत राहिल्या. तिथे भिंत नव्हती, म्हणून चित्रे लागत नव्हती. बाईंनी तक्रार केली नाही, असे या ग्रंथातल्या अनेकांनी कौतुकाने लिहिले असेल. त्यांनी तक्रार केली होती. ती कुणी ऐकली नव्हती.

हे मुख्याध्यापक आज अमृतमहोत्सव समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांना माझा नमस्कार. वयाने मोठे आहेत.

बाईंची नजर आता मधोमध धूसर झाली आहे. कडेचे दिसते, समोरचे विरघळते. पुढे आणखी कमी होईल, असे डॉक्टर सांगतात. समितीची मंडळी त्यांच्या घरी गेली तेव्हा मीही होतो. "बाई, तुमची काय इच्छा आहे? मोकळेपणाने सांगा," असे अध्यक्षांनी विचारले. बाईंनी मोकळेपणाने सांगितले, "शाल-बिल नको. दिसतंय तवर आठवीच्या पोरांबरोबर एक शनिवारचा तास द्या. चित्रं भिंतीला लावा आणि मला मधी उभं करा. एवढंच की." सगळे कौतुकाने हसले. चहा झाला. नंतर कळले की परीक्षा जवळ असल्याने तास बसत नाही. त्याऐवजी बाईंच्या नावाने 'अभिजात कलेवर आधारित चित्रकला स्पर्धा' घ्यायचे ठरले.

त्या स्पर्धेला बाईंना मीच स्कूटरवरून आमच्या शाळेत घेऊन गेलो. मुलांना अजिंठ्याच्या त्याच कमळवाल्या आकृतीची झेरॉक्स दाखवून तशीच काढायला सांगितले होते. परीक्षक कधी येऊन गेले ते मुलांनी पाहिलेही नाही. चित्रांना फिती लागल्या होत्या. पहिल्या आलेल्या मुलीला फोटोसाठी बाईंजवळ आणले. बाईंनी चित्र हातात घेतले, मान तिरकी करून कडेच्या नजरेने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "तुझी नजर कुठं अडकते गं यात?"

मुलीने आधी तिच्या सरांकडे पाहिले. मग म्हणाली, "मॅडम, माझा पहिला नंबर आलाय."

"ते कळलं गं बाळ. पर तुला काय दिसतंय?"

"बाई, इकडं बघा, इकडं!" फोटोवाला म्हणाला. फोटो निघाला आणि मुलीला बाजूला नेले. तो फोटो या ग्रंथात आहे. त्यात बाई कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, हे वाचकांच्या लक्षात येईल. माझा इतका संताप झाला होता की तिथला चहाही मी घेतला नाही.

आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा ती मुलगी पळत आली. चित्राची गुंडाळी हातात, फीत तशीच. कुणी बघत नाही ना, हे पाहून ती बाईंना म्हणाली, "मॅडम, हातात."

"काय हातात?"

"नजर अडकते. हात माझा न्हाई. मला जमंना म्हणून सरांनी काढून दिला. बाकी सगळं माझं हाय." आणि ती रडायला लागली.

बाईंनी तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. "रडू नको. तुला दिसलं की! लई जणांना म्हातारं झाल्यावर पण दिसत न्हाई. घरी जाऊन तुझा हात काढ. वाकडा आला तर येऊ दे." मुलीने गुंडाळी उलगडली, फीत काढून खिशात घातली आणि चित्र मागची बाजू वर करून पुन्हा गुंडाळले. तिला हे कुणी सांगितले नव्हते. परतताना स्कूटरवर मागून बाई म्हणाल्या, "मिळाला की रे मला तास. फाटकापाशी का असंना." एवढ्या मोठ्या शाळेने या बाईंना द्यावे ते फाटक!

मी चादरींची नक्षी काढून पोट भरतो. आजही नक्षी पटली नाही की कागद भिंतीकडे तोंड करून लावतो, आणि मालक चिडतात. हा लेखही परवा बाईंना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी तेच विचारले, "नजर कुठं अडकते?" मी खरे ते सांगितले, "समितीवर, बाई." त्या हसल्या. "मग हे चित्र त्यांचं झालं की. माझं कुठं हाय?"

बाई नेहमीप्रमाणे बरोबर आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, आणि जेवढी नजर उरली आहे तेवढी टिकून राहो. शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन झाल्यावर कुणाला तरी एखादा शनिवार आठवो आणि त्या पोरांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतीसमोर बाई उभ्या राहोत. त्या दिवशी मी बाईंवर नवा लेख लिहीन, त्यात फक्त बाई असतील. तोवर हा लेख माझ्याकडून भिंतीकडे तोंड करून लावला आहे, असे समजावे.